ताकद सोडा, पटर धरा!

गोल्फ म्हणजे रिटायर्ड साहेबांचा टाइमपास, असं ऑफिसातली मंडळी मला सारखी ऐकवतात. मी त्यांना ७ ऑगस्ट २०२१ची सकाळ आठवून देतो. शनिवार असूनही कितीतरी घरांत टीव्हीवर गोल्फ सुरू होतं, बर्डी आणि बोगी यातला फरक कळत नसताना! टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक मेडलसाठी झुंजत होती. जागतिक क्रमवारीत दोनशेवी, कॅडी म्हणून सोबत चक्क आई. तिचे ड्राइव्ह इतरजणींपेक्षा आखूड. पण पटिंग असं, की बघत राहावं. अवघ्या एका फटक्यानं ब्राँझ हुकलं आणि चौथा नंबर आला.

रेंजवर मात्र प्रत्येक नवशिक्याला ड्रायव्हरच हवा असतो. चेंडू ढगात गेला की भारी वाटतं, मान्य! पण हिशेब बघा. पार ७२च्या कोर्सवर १८ होल. प्रत्येक ग्रीनवर पटिंगचे दोन फटके धरलेले. म्हणजे ३६, निम्मा खेळ! आणि होल जेमतेम सव्वाचार इंचांचं.

म्हणून मी निम्मा सराव पटरनंच करतो. हँडिकॅपची सोय असल्यानं मुरलेल्या खेळाडूशीही माझा सामना रंगतो. चेंडू स्थिर, पळापळ नाही, ढकलाढकली नाही. चुकलं तर खापर फोडायला दुसरं कुणी नाही. दिवसभर मीटिंगमध्ये एकमेकांकडे बोटं दाखवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे औषधच आहे, बॉस!

तेव्हा बोनस आला की महागडा ड्रायव्हर नको, साधा पटर घ्या. हॉलमध्ये पेला आडवा ठेवा आणि करा सुरुवात. घरचे हसतील. हसू देत!