इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष कोणासाठी?



संक्रांतीच्या पुढेमागे इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्राचे निकाल लागतात आणि गावोगावच्या घरांत चूल थंड होते. दहावीला शाळेत पहिला आलेला पोरगा गणितात गेला, मेकॅनिक्समध्ये गेला, ड्रॉइंगमध्येही गेला. मग पारावर निकाल लागतो, की पोराला शहराचे वारे लागले. मास्तर म्हणतात, खेड्यातल्या पोरांचे इंग्रजी कच्चे. बाप गप्प बसतो, कारण विकलेल्या कापसाची पावती अजून त्याच्या खिशात असते.

ती पावती आधी वाचू. सरकारी सवलतीने अर्धी फी माफ झाली, मुलींची २०२४ पासून पुरी माफ झाली, हे खरे. पण खोली आणि मेस कोणी माफ केलेली नाही. महिन्याला पाच हजार धरले तर दहा महिन्यांचे पन्नास हजार होतात. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. तो पुरा मिळाला (मिळतो कोणाला, हा वेगळा विषय) तरी सहा क्विंटलांवर कापूस गेला. कोरडवाहू एकरात चार-पाच क्विंटल हाती लागला तरी आम्ही बरे वर्ष म्हणतो. म्हणजे पोराच्या एका वर्षात एका एकराहून जास्त पीक जाते, आणि त्यातून बियाणे, खत, वेचाई अजून वजा करायची आहे. वर्ष वाया गेले तर पोरासोबत ते वावरही वाया गेले.

आमचे म्हणणे असे आहे की हा पोरगा बिघडलेलाही नाही आणि ढ तर मुळीच नाही. पहिल्या वर्षाची मांडणीच त्याला धरून केलेली नाही.

मेकॅनिक्सच्या पुस्तकात पहिल्या काही पानांतच ‘मोमेंट’ हा शब्द येतो. पोरगा डिक्शनरी उघडतो, तिथे लिहिलेले असते ‘क्षण’. पुढे ‘कपल’ येतो, तिथे ‘जोडपे’. आता जोडप्याचा आणि क्षणाचा हिशेब तो कसा करणार? मराठीचे अभिमानी म्हणतील, ‘आघूर्ण’ आणि ‘बलयुग्म’ म्हणा. म्हणा बापडे! आमच्या पोराला आघूर्ण हा शब्द मोमेंटइतकाच परका आहे.

पण गोष्ट परकी नाही. एक बैल जोरकस आणि एक अशक्त असला तर आपण जुवाचा मधला नाडा जोरकस बैलाकडे सरकवतो. जोरकस बैल नाड्यापासून दोन फुटांवर आणि अशक्त तीन फुटांवर आला, तर शंभर किलोच्या ओढीपैकी साठ किलो जोरकसावर पडते आणि चाळीस अशक्तावर. साठ गुणिले दोन एकशेवीस, चाळीस गुणिले तीन एकशेवीस. हाच मोमेंट! पहिल्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर जू काढले आणि मग त्याचे इंग्रजी नाव सांगितले, तर हा पोरगा वर्गात सर्वांच्या पुढे असेल. ड्रॉइंगचेही तेच. तिफण समोरून कशी दिसते, बाजूने कशी, वरून कशी, एवढेच तर काढायचे असते. त्याऐवजी त्याला हवेत लटकलेला षट्कोनी प्रिझम देतात, जो त्याने जन्मात पाहिलेला नसतो.

इंग्रजीच्या नावाने पहिल्या वर्षाला जो विषय असतो, त्यात पोराला स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात आणि गटचर्चा करायला लावतात. टाय कशी बांधावी हेही काही ठिकाणी सांगतात म्हणे. चांगले आहे, पण त्याला आधी हवे असते ते प्रश्न वाचण्यापुरते इंग्रजी. ‘असे धरा’ कोठे म्हटले आहे, ‘सिद्ध करा’ कोठे, आणि ‘अनुक्रमे’ला काय म्हणतात. एवढे समजले तर निम्मे गणित सुटते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. पंचवीस वर्षे झाली, तरी अकरावी सायन्सची इंग्रजी पुस्तके हाती आली की पोरे पाठांतरावर येतात. म्हणून पोटाला चिमटा घेऊन पोराला तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये घालणाऱ्या भावांनाही सांगतो, तिथे पाठांतर लवकर सुरू होते, एवढाच फरक.

मराठीतून हे शिकवता येत नाही असे कोणी म्हणू नये. १८२३ साली कंपनी सरकारने मुंबईत इंजिनिअरिंगची शाळा काढली तेव्हा कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसने गणिताची पुस्तके मराठीत करवून घेतली होती. गोऱ्या साहेबाला जे कळले ते आपल्या लोकांना कळायला २०२१ उजाडले. त्या वर्षी तंत्रशिक्षण परिषदेने मातृभाषेतून पदवीला परवानगी दिली. आम्ही तिचे स्वागत करतो, पण जागा मोजक्या आहेत. आणि नोकरी, यंत्राची पुस्तके, पुढचे शिक्षण सगळे इंग्रजीतच राहणार असेल, तर निव्वळ मराठी पदवी घेऊन पोरगा चार वर्षांनी त्याच भिंतीपाशी उभा राहील. आम्हाला हवे आहे ते समजणे मराठीत आणि हळूहळू लिहिणे इंग्रजीत.

परिषदेचे कागद तसे गोड आहेत. पहिल्या वर्षाच्या आरंभी तीन आठवड्यांचा ओळख-कार्यक्रम घ्या असे त्यात आहे. २०२१ मध्येच बारावीला गणित-भौतिक नसलेल्यांनाही काही शाखांचे दार उघडले, आणि कमी पडेल ते ‘ब्रिज कोर्स’ घेऊन विद्यापीठांनी भरून काढावे असे लिहून टाकले. पोरांना विचारा. तीन आठवड्यांत सत्कार झाले, भाषणे झाली, एक दिवस योगासने झाली. शिवाय प्रवेशाच्या फेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबतात. दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालणारा पोरगा शेवटच्या फेरीत पोचतो, तेव्हा वर्गात अर्धे पुस्तक झालेले असते. ज्याच्यासाठी पूल बांधायचा तो नदीवर येण्याआधीच पूल काढून घेतलेला!

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांचे हाल आणखी वेगळे. हाताने काम त्यांना उत्तम येते, वर्कशॉपमध्ये ते बारावीवाल्यांना शिकवतात. पण पहिल्या वर्षाचे गणित न शिकता त्यांच्यापुढे एकदम लाप्लास येतो. त्यांना दोन महिने संध्याकाळी गणिताचा वेगळा वर्ग दिला तर कॉलेजचे काय जाते?

१९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदान कॉलेजांना परवानगी दिली तेव्हापासून आपल्या भागात इमारती पुष्कळ उभ्या राहिल्या. जागा रिकाम्या राहिल्या की त्यांची माणसे जूनमध्ये आपल्या दारी येतात, चहा पितात, बसचे आणि लॅपटॉपचे सांगतात. यंदा ती आली की विचारावे, पहिल्या वर्षाला किती बसले आणि सर्व विषयांत किती सुटले, तो कागद दाखवा. ब्रिज कोर्स किती तासांचा, शिकवतो कोण, आणि शेवटच्या फेरीत आलेल्यांसाठी तो पुन्हा घेता का. फी घेतली जाते त्या खिडकीवर या प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. जिल्हा बैठकीत प्रत्येक तालुक्याने आपल्याकडच्या कॉलेजांची ही उत्तरे घेऊन यावे, न देणाऱ्यांची नावेही आणावीत. प्रवेशाचे अर्ज सुरू होण्याआधी ती यादी गावच्या पाटीवर लागली पाहिजे.