मोजपट्टी आणि पूर्वग्रह

शास्त्राने सांगितले म्हणजे वाद मिटला, अशी एक भाबडी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. शास्त्रज्ञही कोणत्या तरी समाजात वाढलेला असतो व त्याचे प्रश्नही त्या संस्कारांतूनच येतात, याचा तिला विसर पडतो. इरावती कर्वे यांचे २०२४ साली प्रसिद्ध झालेले ‘इरू’ हे इंग्रजी चरित्र या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

१९३० पूर्वी बर्लिनमध्ये इरावतीबाई डॉक्टरेटसाठी ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात व ती असमानता त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे गमक होय, असा फिशर यांचा तर्क होता. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि या असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष गुरूंपुढेच ठेवला. पुढे १९३३ साली, हिटलर सत्तेवर येताच, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी पुरस्कारिलेल्या वंशविचाराचा नाझी राजवटीने कसा उपयोग केला, हे जगाला ठाऊक आहे.

फिशर यांच्याकडे उपकरणांची उणीव नव्हती. उणीव होती ती संशयाची. उत्तर आधीच ठरलेले असले म्हणजे मोजमाप हा केवळ उपचार उरतो. ‘नाही’ हे उत्तर ऐकण्याची तयारी हाच इरावतीबाईंचा शास्त्रीय बाणा होय.

तथापि पूर्वग्रह केवळ परक्यांचाच असतो, असे मानून चालणार नाही. स्वदेशी परतल्यावर बाईंनीही महाराष्ट्रातील जातींची शरीरमापे घेतली. जात शरीराच्या मापांतून उलगडेल, हे गृहीतकही बर्लिनच्याच शाळेतले होते.

आज मोजपट्टीची जागा जनुकीय चाचणीने घेतली आहे. आपल्या किनारपट्टीवर कोणती जात कोठून आली, कोणाचे डोळे घारे का, यांविषयी दंतकथांना तोटा नाही. त्यांवर आता प्रयोगशाळेचा शिक्का उमटविण्याची हौस दिसते. वस्तुतः असे अहवाल शक्यतेच्या भाषेत बोलतात. निश्चितता आणि कुलाभिमान ही आपण त्यांत घातलेली भर असते. ‘अद्याप सिद्ध झालेले नाही’ हे शब्द शास्त्राच्या दुबळेपणाचे नव्हेत, प्रामाणिकपणाचे लक्षण आहेत. ते ऐकून घेण्याचा संयम समाजाने दाखविला, तरच शास्त्र त्याच्या उपयोगी पडेल. अन्यथा ते जुन्या अहंकाराचे नवे प्रमाणपत्र ठरेल.