करार झाले, आता मुलांच्या तिकिटांचे बघा

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,



29 ऑगस्ट 2025 रोजी टोकियोत भारत आणि जपान यांनी मनुष्यबळ देवाणघेवाणीचा कृती आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाख माणसांची ये-जा व्हावी, असे त्यात ठरले. भारतातली राज्ये आणि जपानमधली प्रीफेक्चर यांनी थेट एकमेकांशी नाते जोडावे, यावरही त्याच भेटीत भर होता. जपानमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना ही बातमी वाचून आनंद झाला. पण या पाच लाखांत परभणीची, जतची, अहेरीची मुले किती असतील, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही. तो आपल्यासमोर मांडायला हे पत्र.

महाराष्ट्राला ही मैत्री नवी नाही. वाकायामा प्रीफेक्चरशी आपल्या राज्याने 2013 मध्येच करार केला. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी जपानने कर्ज दिले. सप्टेंबर 2015 मध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण आपल्याच हस्ते झाले. म्हणजे सह्या झाल्या आहेत, स्नेहही आहे. अडते ते मुलांना प्रत्यक्ष आणण्या-नेण्याच्या कामात, आणि त्यासाठी लागणाऱ्या अनुदानाच्या अर्जात.

हे अनुदान चालते कसे, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. जपान सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेने 2014 मध्ये ‘साकुरा सायन्स’ ही योजना सुरू केली. परदेशी विद्यार्थ्यांना थोड्या दिवसांसाठी जपानच्या प्रयोगशाळा आणि विद्यापीठे दाखवायची, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च योजनेने करायचा. भारताचा समावेश एप्रिल 2016 मध्ये झाला. योजना उत्तम आहे. पण विद्यापीठांच्या गटांसाठी तिच्यात अर्ज करता येतो तो फक्त जपानमधल्या यजमान संस्थेला. लातूरच्या एखाद्या महाविद्यालयाकडे हुशार मुले असोत, तळमळीचे प्राध्यापक असोत, त्यांना स्वतःहून अर्ज करता येत नाही. त्यांच्यासाठी इथला कोणी प्राध्यापक कष्ट घ्यायला तयार व्हावा लागतो. पुण्या-मुंबईच्या नामांकित संस्थांच्या अशा ओळखी असतात. लातूरने त्या कुठून आणायच्या?

आणि कष्ट थोडेथोडके नसतात. रोजचा कार्यक्रम तासांनिशी लिहायचा. विमानभाड्यापासून बसभाड्यापर्यंत अंदाजपत्रक द्यायचे. दौरा संपला की हिशेब. इथे सरकारी अनुदानाच्या खर्चावर 1955 पासून स्वतंत्र कायदा आहे आणि गैरवापराला तुरुंगवासाची शिक्षा आहे, त्यामुळे हिशेब तपासणारे डोळ्यांत तेल घालून बसतात. मी इथे स्वयंसेवक म्हणून असल्या कामात हातभार लावतो. टेबलावर ए-फोर कागद पसरलेले असतात, त्यांवर बोर्डिंग पासचे तुकडे तारखेनुसार चिकटवलेले. शेजारी पावत्यांचा गठ्ठा. प्रत्येक पावतीवर पैसे देणाऱ्या संस्थेचे नाव पूर्ण आणि अचूक हवे. ते नसेल तर दुकानात परत जाऊन नवी पावती मागायची. अनुदान पुष्कळदा हिशेब मंजूर झाल्यावर हातात पडते, तोवर पैसे कुणीतरी पदरचे घालायचे. मला ही शिस्त जाचक वाटत नाही. लोकांच्या कराचा पैसा असाच सांभाळायला हवा. पण छोट्या संस्थेला हे एकटीच्या बळावर पेलत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता आपल्या बाजूचे. व्हिसासाठी जपानच्या यजमानाने निमंत्रणाचे पत्र, मुक्कामाचे वेळापत्रक आणि हमीपत्र पाठवायचे असते. ते वेळेत येते. आपल्याकडे मुलीचे नाव आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, म्हणून पासपोर्टच अडकतो. सोबत जाणाऱ्या शिक्षकाची अडचण तर फार जणांना ठाऊकच नसते. विदेशी अंशदान विनियमन कायद्याच्या, म्हणजे एफसीआरएच्या, कलम 6 प्रमाणे शासकीय सेवकाला किंवा शासनाच्या नियंत्रणातल्या संस्थेच्या कर्मचाऱ्याला परदेशात तिथल्या खर्चाने पाहुणचार घ्यायचा तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते. खात्याची परवानगी वेगळीच. सरकारी शाळेतल्या शिक्षकाने ही फाईल कुणाच्या टेबलावर शोधायची?

एखाद्या जपानी संस्थेने थेट भारतातल्या संस्थेला पैसे द्यायचे म्हटले, तर नोंदणीसाठी तीन वर्षांचे काम आणि त्या काळात 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दुसऱ्या संस्थेकडे वर्गही करता येत नाहीत. म्हणजे मोठ्या संस्थेने नोंदणीच्या आधारावर निधी घेऊन गावातल्या लहान मंडळाला द्यावा, ही वाटही बंद झाली. हे नियम केंद्राचे आहेत, ते आपण बदलावेत असे मी म्हणत नाही. ते पार करायला राज्याने हात द्यावा, एवढेच म्हणणे आहे.

जपानने तरुणांची देवाणघेवाण कशी चालवली ते पाहण्यासारखे आहे. 2007 मध्ये त्यांनी ‘जेनेसिस’ हा युवा देवाणघेवाण कार्यक्रम जाहीर केला. 35 अब्ज येन, पाच वर्षे, वर्षाला सुमारे 6,000 तरुण. पैसा परराष्ट्र खात्याचा आणि दौरे चालवायला या कामात मुरलेल्या संस्था. महाराष्ट्रालाही असा एक कक्ष उभारता येईल. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचे जपानीचे वर्ग चालतात. तिथे शिकलेली मुले अर्ज वाचू शकतात, जपानी यजमानाशी पत्रव्यवहार करू शकतात. कक्ष तिथेच काढा. जिल्ह्याजिल्ह्यातल्या महाविद्यालयांची आणि शाळांची यादी त्याने करावी, जपानमधले यजमान शोधावेत, अर्जाचा इंग्रजी-जपानी मसुदा तयार करून द्यावा. पासपोर्ट आणि शिक्षकांच्या परवानग्या यांचा पाठपुरावाही त्याच्याकडे असावा. अनुदान येईपर्यंत आपल्या बाजूचा खर्च भागवायला एक फिरता निधी असावा.

परतीच्या भेटीचा खर्च मात्र पूर्णपणे आपण उचलावा. दरवेळी पाहुणे आपणच, हे बरे दिसत नाही. जुलैअखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत जपानी शाळांना सुट्टी असते आणि त्या वेळी आपल्या शाळा भरलेल्या असतात. वाकायामाची मुले तेव्हा महाराष्ट्रात येऊन वर्गात बसू शकतील. आपल्या मुलांना दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा त्यांच्या शाळा चालू असतात. आर्थिक वर्ष तर दोन्हीकडे 1 एप्रिललाच सुरू होते. इतके जुळून येत असताना थांबायचे कशासाठी?

थोड्याशा ओळखीतून काय उभे राहते, याला आपल्याकडेच पुरावा आहे. महर्षी धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली. डिसेंबर 1915 मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी तसे विद्यापीठ भारतात काढण्याचा विचार मांडला आणि 1916 मध्ये ते पुण्यात सुरू झाले. पुढे 1929-30 च्या जगप्रवासात अण्णा स्वतः जपानला जाऊन आले. आपल्याच काळातले उदाहरण योगेंद्र पुराणिकांचे. अंबरनाथला जन्मलेला हा माणूस विद्यार्थी असताना पहिल्यांदा जपानला आला आणि 2019 मध्ये टोकियोतल्या एदोगावाच्या नगरपरिषदेवर निवडून आला. पुढे तो इथल्या सरकारी शाळेचा मुख्याध्यापकही झाला. अण्णांना पुस्तिका पुरली. आजच्या मुलांना अर्ज करणारा कुणीतरी हवा आहे.

मुख्यमंत्री महोदय, येत्या अर्थसंकल्पात या कामासाठी एक लेखाशीर्ष उघडा. पहिल्या वर्षी वाकायामाच्या एका शाळेशी आपल्या एका आदिवासी आश्रमशाळेची जोडी लावा. जपानी बाजूचे अर्ज, हिशेब आणि दुभाष्याचे काम इथली मराठी माणसे विनामोबदला करतील. आपल्या होकाराची वाट पाहत आहोत.

आपला,
टोकियोतील एक मराठी रहिवासी