काकांचं कपाळ

परवा मालवणहून काकांचा फोन. ‘‘ह्या मलमान कपाळ भाजला गो! बंद करतंय मी ता.’’

काका गोरे, घारे. आयुष्य गेलं उन्हात रापण ओढण्यात. कपाळावर खरखरीत चट्टे आले, डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ॲक्टिनिक केराटोसिस. सावळ्या कातडीत हे कमीच दिसतं. पण दुर्लक्ष केलं, तर एखाद्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. म्हणून फ्लुरोयुरासिलचं क्रीम. ते बिघडलेल्या पेशी मारतं, त्यामुळे लाली, आग, खपल्या येणारच! कोर्स साधारण दोन ते चार आठवड्यांचा. काकांना आधी डॉक्टरांना विचारायला लावलं. उत्तर आलं, ‘‘औषध काम करतंय, चालू ठेवा.’’

तर दोस्तहो, घरात कुणाला हे क्रीम दिलं असेल, तर पातळ थर, सांगितलेल्या जागीच. डोळे-ओठ टाळा, लावल्यावर हात धुवा. गरोदर बाईने हातही लावू नये. कुत्र्या-मांजरांना चाटू देऊ नका, जिवावर बेततं. तोंड आलं, ताप किंवा जुलाब सुरू झाले, तर क्रीम थांबवून तडक डॉक्टरकडे. आणि उरलेली ट्यूब शेजाऱ्याला? नो वे!

काका आता टोपी घालूनच किनाऱ्यावर जातात. म्हणतात, हीरो दिसतो!