खडकाची साक्ष आणि आपली घाई #थ्रेड

१/ खडकाचे रासायनिक विश्लेषण करा, आकृतीवर बिंदू मांडा, की अब्जावधी वर्षांपूर्वी तेथे काय घडत होते ते कळते, असे हल्ली सर्रास वाचावयास मिळते. यास माझा विरोध आहे. शास्त्र खोटे नाही. त्याच्या नावाने मिरवली जाणारी खात्री खोटी आहे.

२/ आधी श्रेय. १९७३ साली पिअर्स आणि कॅन यांनी टायटॅनियम, झिर्कोनियम व इट्रियम यांच्या प्रमाणावरून बेसाल्टचे उगमस्थान ओळखणारी त्रिकोणी आकृती मांडली. निवड विचारपूर्वक होती. सोडियम, पोटॅशियम पाण्याबरोबर सहज निघून जातात. ही तिन्ही मात्र खडक झिजला, बदलला तरी बहुतांशी जागेवर राहतात.

३/ दुसरी खूण नायोबियमची. एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडताना त्यातून निघणारे द्रव बेरियमसारखी मूलद्रव्ये वरच्या प्रावरणात नेतात. नायोबियम मागे राहते. म्हणून जपान वा इंडोनेशियाच्या लाव्हात त्याची तूट दिसते. त्यावरून सोपे सूत्र निघाले: तूट दिसली, म्हणजे भूपट्ट बुडत होता.

४/ हे सूत्र आपल्याच घाटात फसते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगडाकडे अनेक जण गेले असतील. दख्खनच्या लाव्हाथरांना याच वाटेवरची नावे आहेत: खाली पोलादपूर, त्यावर आंबेनळी, त्यावर महाबळेश्वर. वय सुमारे ६.६ कोटी वर्षे.

५/ आंबेनळीचा लाव्हा तुलनेने निर्भेळ आहे. पोलादपूरच्या व त्याहून जुन्या बुशे थराच्या शिलारसात मात्र वर येताना खंडीय कवचाचा अंश मिसळला. त्या कवचातच नायोबियमची तूट होती. ती लाव्हात उतरली.

६/ केवळ आकृती पाहणारा येथे बुडणारा भूपट्ट ‘शोधून’ काढील. वास्तविक तेव्हा भूपट्ट बुडत होता तो दूर उत्तरेस, आशियाच्या कडेशी. दख्खनखाली नव्हे. समुद्रतळावरील चुंबकीय पट्ट्यांवरून भारताचा तेव्हाचा प्रवास आपणांस ठाऊक आहे, म्हणून ही चूक पकडता येते.

७/ आता ग्रीनलंडमधील इसुआ पाहा. तेथील खडक सुमारे ३.७ अब्ज वर्षांचे. आजचा महासागरतळ मात्र जवळजवळ सगळा २० कोटी वर्षांच्या आतला. पडताळणीस तो उपयोगी नाही. पृथ्वीवर भूपट्टांची हालचाल केव्हा सुरू झाली, हा एवढा मोठा वाद अशाच खडकांवर लढला जातो. तो एका आकृतीवर निकालात काढणे हा अभ्यास नव्हे, उतावीळपणा आहे.

८/ कागदावर शिक्का दिसला म्हणून इतिहासकार तो अस्सल मानत नाही. अक्षर, भाषा, तारीख, समकालीन पत्रे, सारे ताडून पाहतो. खडकालाही तोच न्याय हवा. निओडिमियम व स्ट्रॉन्शियमची समस्थानिके कवचाची भेसळ उघड करतात. शेजारचे गाळखडक लाव्हा समुद्रात वाहिला की जमिनीवर, ते सांगतात.

९/ तेव्हा पुढच्या वेळी असा दावा वाचाल, तर एवढेच विचारा: शिलारस वाटेत कशातून आला, आणि ते कोणी तपासले? उत्तर नसेल, तर निष्कर्षही नाही.