टकळी का थांबली?

कार्यानुभवाच्या गुणांसाठी क्रोशाचा रुमाल किंवा लोकरीची कानटोपी सादर करावयाची आणि ती आदल्या रात्री आईकडून पुरी करून घ्यावयाची, नाहीतर बाजारातून विकत आणावयाची, हा प्रकार आता कोणाला खटकेनासा झाला आहे. विद्यार्थ्याला गुण मिळतात, शिक्षकाचा तक्ता भरतो, पालक सुटतात. मुलाच्या हाताला मात्र काम येत नाही.

हाताच्या कामाला शिक्षणात स्थान असावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने उद्योगाभोवती शिक्षणाची योजना आखली. तीत सूतकताई ही फावल्या वेळची करमणूक नव्हती. एका पौंडात ८४० वारांच्या किती गुंड्या भरतात, हे काढले की सुताचा नंबर ठरतो. म्हणजे टकळीबरोबर त्रैराशिक आले. कापसाबरोबर जमीन आणि पाऊस आला, कापडाबरोबर गिरण्यांचा इतिहास आला. पीळ कमी पडला की धागा तुटतो, बोटे अडखळली की तो गाठाळ होतो. ही परीक्षा टकळीच घेते. तिथे कोणाचा वशिला चालत नाही.

मग टकळी थांबली का? गिरणीचे कापड स्वस्त पडले, हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. मुलांच्या उद्योगातून शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधीजींची अपेक्षा होती. त्यामुळे शाळेचा कारखाना होईल, अशी टीका तेव्हाच झाली आणि ती अनाठायी नव्हती. परंतु ते टोक टाळताना दुसरे गाठले गेले. उत्पन्नाची सक्ती गेली, ती उपयोगालाही घेऊन गेली. ज्या सुताची वाट कोणताच माग पाहत नाही, ते चांगले कातावे असे मुलाला का वाटावे? १९६६ च्या अहवालात कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले. नावे बदलली, उपयोगाचा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर परसबागेत सापडते. शाळांतील पोषण बागांविषयी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. जेथे अशी बाग मनापासून राखली जाते, तेथील मेथी-पालक थेट पोषण आहाराच्या पातेल्यात जाते. ज्याने पाणी घातले, त्याच्याच ताटात ती येते. पाणी चुकले तर वाफा वाळतो आणि तो आदल्या रात्री विकत आणता येत नाही.

हाच न्याय विणकामाला लावणे अवघड नाही. काम वर्गातच व्हावे. उसवून पुन्हा घातलेल्या टाक्यांना तयार वस्तूपेक्षा अधिक गुण मिळावेत. विणलेल्या टोप्या शाळेच्या कपाटात न पडता अंगणवाडीतील मुलांच्या डोक्यावर जाव्यात. सुया मुलींच्या हाती आणि कुदळ मुलांच्या हाती, ही वाटणीही मोडावी. मात्र यासाठी शिक्षकाला तासिका आणि साहित्य दोन्ही द्यावे लागेल. नुसते परिपत्रक धाडून भागणार नाही.

बाजारात तयार स्वेटर स्वस्त मिळत असता तो विणावा कशाला, असे कोणी विचारील. पैशाच्या हिशेबाने त्याचे म्हणणे बरोबर आहे. परंतु ज्याने एक बाही स्वतः विणली, तो विणकराशी घासाघीस करताना क्षणभर थांबतो; ज्याने एक वाफा जगविला, त्याला भाजीवालीच्या टोपलीतले कष्ट दिसतात. लेखणी धरणाऱ्या हाताने राबणाऱ्या हाताला कमी लेखावे, ही येथील जुनी खोड आहे. ती पाठ्यपुस्तकातील धड्याने गेलेली नाही. गेलीच तर ती हाताला काम लागल्यानेच जाईल.