भोंगा कुणासाठी?

रुळांशेजारी राहणाऱ्याला घड्याळ लागत नाही म्हणतात. झोपही लागत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही! धुराचे दुखणे विजेने हलके केले. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली; कोकण रेल्वेचे विद्युतीकरणही २०२२ साली पुरे झाले. उरला तो आवाज.

निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, असे २००० सालचे नियम सांगतात. तो आकडा घालून आमच्या सोसायटीने रेल्वेला अर्ज लिहिला. सही करताना समोरच्या वहिनींनी विचारले, "भाऊजी, मोटरमन भोंगा वाजवतो तो कुणासाठी हो?"

मी गप्प! पूल चढायचा कंटाळा म्हणून रोज रूळ ओलांडणारे आम्हीच. त्यात मी, आणि माझे बोट धरून तेच शिकणारा माझा नातू.

अर्ज गेला, पण त्यात रुळांकडेला भिंत हवी, ही मागणी वाढली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघे पूल चढतो. गुडघे कुरकुरतात खरे. पण आमच्यापुरता एक भोंगा तरी कमी झाला!